पाठीवरचा वारा

आमच्या अभ्यासकेंद्रावर मराठीची संपर्क सत्रे रविवारी होतात. येणारे बहुतेक विद्यार्थी तिशी ओलांडलेले असतात. कोणी एस.टी.त वाहक, कोणी अंगणवाडी सेविका, कोणी मनसरच्या रस्त्यावर किराणा दुकान चालवणारे, तर कोणी सकाळी शेतातले काम उरकून दुपारी वर्गात बसणारे. म्हणी आणि वाक्प्रचार हा घटक शिकवताना मी एक म्हण हटकून फळ्यावर लिहीत असे : ‘वारा येईल तशी पाठ द्यावी.’ परिस्थिती पाहून वागावे, हा तिचा अर्थ मी सांगत असे आणि त्याला माझ्या पदरचे दोन शब्द जोडत असे. असे वागणाऱ्या माणसाला कणा नसतो, वारा ढकलील तिकडे तो जातो, त्यात त्याला कष्ट कसले? मग खडूने शिडाच्या होडीचे चित्र काढत असे. खाली अर्धचंद्र, त्यावर त्रिकोण, मागून येणारे तीन बाण. वीस-बावीस वर्षे हे चित्र मी काढले. शिडाची होडी प्रत्यक्षात कधी पाहिलेली नव्हती, याचा संकोच त्या वर्षांत मला एकदाही वाटला नाही.

रामटेकहून मुंबईचा समुद्र आठशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. येथे वाऱ्याची ओळख नाही असे मात्र नव्हे. आमची भाषा वाऱ्याने भरलेली आहे. कोणाच्या कानात वारे शिरते, कोणी लेकरांना वाऱ्यावर सोडतो, कोणी वाऱ्याची मोट बांधायला निघतो, तर एखादा माणूस कोणाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. परंतु हा सगळा वारा जमिनीवरचा आहे. पाण्यावरच्या वाऱ्याशी आमचा संबंध खिंडसीच्या तलावापुरता. आणि तेथे नौकाविहारासाठी ज्या होड्या चालतात त्यांना इंजिन असते किंवा पायाने मारायचे पायडल. त्यांच्या दृष्टीने वारा ही अडचणच.

आमच्या घरातून पाण्याकडे ओढला गेलेला एकच माणूस, तो म्हणजे माझा थोरला भाऊ. अंबाळा तलावात पोहायला शिकलेला हा मुलगा बारावीनंतर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत गेला. तेथील जलाशयात छात्रांना शिडाच्या लहान होड्या चालवायला शिकवतात. पुढे तो नौदलात गेला, निवृत्त झाला आणि मुंबईलाच राहिला. एका दिवाळीत तो घरी आला असताना मी पुढच्या सत्राची टिपणे काढत बसले होते. माझ्या मागे उभे राहून त्याने ते चित्र पाहिले.

“चित्र चुकलंय,” तो म्हणाला.

“काय चुकलंय?”

“शीड मधोमध काढलंयस. मागून वारा आला की शीड मधोमध ठेवत नाहीत, पार बाहेर सोडतात. आणि हे ‘कष्ट कसले’ कोणी सांगितलं तुला?”

मी म्हणीचा रूढ अर्थ सांगितला. भाषाशास्त्रात पदवी घेतलेल्या माणसाला रूढ अर्थाचा आधार फार वाटतो. तो हसला आणि म्हणाला, “जानेवारीत ये मुंबईला. एकदा पाठ देऊन बघ.”

होडी त्याच्या मित्राची होती. लांबी सात मीटरांच्या आसपास, आत जेमतेम दोन माणसे झोपतील एवढी खोली, मागे बसायला उघडी जागा. शिडे दोन होती. मागच्या मोठ्या शिडाची खालची कड बूम नावाच्या आडव्या दांड्याला बांधलेली असते आणि तो दांडा डोलकाठीशी दाराच्या बिजागरीसारखा फिरतो. पुढचे लहान शीड म्हणजे जिब. सुकाणू वळवायला चाक नव्हते, टिलर नावाचा लाकडी दांडा होता. येथे पहिली गंमत अशी की, टिलर उजवीकडे ओढला की होडी डावीकडे वळते. हे ऐकायला सोपे असते. आम्ही तिघे होतो : दादा, मी आणि दादाचा मुलगा. भाचा तेव्हा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता आणि बापापेक्षा चांगली होडी चालवतो, असे बापच सांगत असे.

गेटवेजवळून निघून पहिला अर्धा तास आम्ही पश्चिमेच्या वाऱ्याला तोंड देत गेलो. शिडाची होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. साधारण पंचेचाळीस अंश बाजूला राहून, नागमोडी वळणे घेत तिला वर चढावे लागते. शिडे आत घट्ट ओढलेली, होडी एका कुशीवर कललेली, तोंडावर खारे तुषार, दोर करकरत असलेले. मी दोन्ही हातांनी कठडा धरून बसले होते. हे कष्ट आहेत, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती.

मग दादाने होडीची पाठ वाऱ्याकडे फिरवली आणि आम्ही घारापुरीच्या दिशेने निघालो.

तो बदल मी कधी विसरणार नाही. एका मिनिटात सगळा गोंगाट थांबला. होडी सरळ झाली, तुषार थांबले, अंगावर ऊन जाणवू लागले. मी शाल काढून ठेवली. मला वाटले, वारा पडला. परंतु हे दोघे बापलेक आता जेवढे काम करू लागले तेवढे आधीच्या अर्ध्या तासात केले नव्हते. शिडे पाठीवरच्या वाऱ्यासाठी लावणे हे एक स्वतंत्र काम आहे, हे मला त्या वेळी प्रथम कळले.

मोठ्या शिडाच्या दोराला इंग्रजीत ‘शीट’ म्हणतात. शीट म्हणजे कापड नव्हे, दोर, हे पटायला मला वेळ लागला. भाच्याने ती शीट हळूहळू सैल सोडली. बूम डाव्या बाजूस पाण्यावर जात जात होडीशी जवळजवळ काटकोनात आली. डोलकाठीला बाजूने ताणून धरणाऱ्या तारांवर शीड घासण्याच्या थोडे आधी त्याने दोर अडकवला. वाऱ्याला तोंड देताना शीड पक्ष्याच्या पंखासारखे काम करते, वारा त्याच्या दोन्ही अंगांनी वाहतो. पाठीवरून वारा घेताना ते नुसता अडसर असते. जेवढे आडवे पसरेल तेवढा वारा अडवील. परंतु आडवे सोडलेले शीड वरच्या टोकाला पिळवटते आणि बूम उचलली जाते. म्हणून बूमला खालून ओढून धरणारा दुसरा एक दोर त्याने आवळला. तेवढ्यात जिब मोठ्या शिडाच्या आडोशाला येऊन ओल्या धोतरासारखे लोंबू लागले होते. दादाने पुढे जाऊन ते उजव्या बाजूला ओढले आणि एका काठीने त्याचे टोक बाहेर ताणून धरले. आता मोठे शीड डावीकडे, लहान शीड उजवीकडे. खलाशी या मांडणीला हंसाच्या जातीतल्या पक्ष्याच्या पंखांचे नाव देतात आणि मागून पाहिले तर ते योग्यच वाटते.

शेवटचा दोर सर्वांत महत्त्वाचा. तो बूमच्या टोकापासून होडीच्या पुढच्या टोकापर्यंत जाऊन परत बसायच्या जागेपर्यंत येतो. त्याचे काम एकच : बूमला जागच्या जागी रोखून धरणे. त्याला ‘प्रिव्हेंटर’ म्हणतात. मी लगेच ‘रोखदोर’ असा शब्द सुचवला. “आत्या, घाईच्या वेळी एवढं कोण म्हणणार?” भाचा म्हणाला. रोखदोर हा उच्चारात प्रिव्हेंटरपेक्षा आखूड आहे, हे मी त्याला बोटांवर मोजून दाखवले. तो हसला, पण त्या दिवसापुरता तो शब्द होडीवर चालला.

टिलर माझ्या हाती देऊन दादाने एकच सूचना केली. “वारा पाठीच्या मधोमध घेऊ नकोस. उजव्या खांद्यावरून येऊ दे. डाव्या कानाला वारा लागला की मला हाक मार.”

कारण त्याने सांगितले, पण मी अर्धेच ऐकले. वारा उजव्या अंगाने मागून येतो आहे तोवर डावीकडे सोडलेले शीड त्याच्या दाबाने तेथे राहते. होडी थोडी जास्त डावीकडे वळली, किंवा वारा सरकून डाव्या अंगाला आला, तर तो शिडाच्या मागच्या बाजूने आत शिरतो आणि शीड, बूम, सगळा पसारा एका फटक्यात डावीकडून उजवीकडे फेकतो. होडीची पाठ वाऱ्यातून अशी पलीकडे जाण्याला ‘जाइब’ म्हणतात. ती ठरवून करता येते, रोज करतात : सर्वांना आगाऊ सांगायचे, मोठ्या शिडाचा दोर ओढून बूम आधी मध्यावर आणायची, टिलर हळू फिरवायचा, बूम पलीकडे गेली की दोर लगेच सैल सोडायचा. न ठरवता झाली तर बूमच्या वाटेत काय आहे, ते बूम पाहत नाही. म्हणूनच जाणते खलाशी थेट पाठीवारा टाळतात. वीसेक अंश बाजूला ठेवून, मधून मधून ठरवून बाजू बदलत जातात. अंतर वाढते, पण होडी बहुधा वेगही अधिक धरते आणि डोके शाबूत राहते.

मी टिलर धरून बसले होते आणि माझ्या मनात ‘अनुकूल’ हा शब्द फिरत होता. हे कबूल केले पाहिजे, कारण पुढे जे घडले ते या शब्दापायी घडले.

आम्ही रामटेकची माणसे ‘मेघदूता’च्या सावलीत वाढतो. यक्षाने शापाचे वर्ष काढले ती रामगिरी म्हणजे आमची टेकडी, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. टेकडीवर कालिदासाचे स्मारक आहे आणि १९९७ पासून गावात त्याच्या नावाचे संस्कृत विद्यापीठही आहे. त्या काव्यात यक्ष मेघाला सांगतो की, अनुकूल वारा तुला हळूहळू पुढे नेत आहे. हा शब्द मी शेकडो वेळा शिकवला होता. ‘कूल’ म्हणजे तीर, काठ. काठाला धरून जाणारे ते अनुकूल, काठाच्या विरुद्ध ते प्रतिकूल. म्हणजे आपल्या भाषेने सुखदुःखाचे हे दोन शब्द पाण्यावरून उचलले. लॅटिनचेही तसेच. बंदराच्या दिशेने नेणाऱ्या वाऱ्याला त्या भाषेत जे विशेषण होते त्यातूनच इंग्रजीतील ‘ऑपॉर्च्युनिटी’ आली आणि पुढे आपण ज्याला संधिसाधू म्हणतो तो माणूसही. माझी म्हण, कालिदासाचा मेघ, लॅटिनचे बंदर, हे तिन्ही एका वाऱ्यावर चाललेले आहेत, याचा मला फार आनंद झाला होता. एक निबंध डोक्यात तयार होत होता.

पुढे काही अंतरावर नांगरलेले एक जहाज होते. त्याला वळसा घालण्यासाठी बाजू बदलावी लागणार होती. दादाने रोखदोर सोडला, “दोन मिनिटं सरळ धर” असे मला सांगितले आणि तो जिबची काठी काढायला पुढे गेला. भाचा मोठ्या शिडाचा दोर हातात घ्यायला उठला. एवढ्यात घारापुरीला जाणारी एक लाँच जवळून गेली. तिच्या लाटेने होडीचा मागचा भाग उचलला आणि पुढचे टोक डावीकडे ढळले.

डाव्या कानाला वारा लागला. तो मला कळला. खरे सांगायचे तर थंड वाटले म्हणून बरेही वाटले. मग आठवले, आणि होडी उजवीकडे वळवायची म्हणून मी टिलर उजवीकडे ओढला.

“आत्या, टिलर!” असे भाचा ओरडला. तो खाली वाकत असतानाच डोक्यावर वीज कडाडावी तसा आवाज झाला आणि बूम पलीकडे गेली. ती त्याच्या खांद्याला लागली. वाकला नसता तर कानशिलाला लागली असती. तो बसायच्या जागेत कोसळला, होडी गर्रकन वळली, आणि मी मात्र तो लाकडी दांडा चुकीच्या बाजूला तसाच घट्ट ओढून धरला होता.

दादा मागे कसा आला ते मला आठवत नाही. त्याने माझ्या हातातून टिलर काढून घेतला, होडीचे तोंड वाऱ्याकडे केले, शिडे उतरवली आणि मागचे लहान इंजिन सुरू केले. त्या वेळी माझ्या तोंडावर वारा आदळला. लाटांचे पाणी उडून आत येऊ लागले. दहा मिनिटांपूर्वी ज्या वाऱ्यात मी शाल काढून बसले होते, तोच हा वारा होता. तासभर आम्ही त्याच्या तोंडावर परत येत होतो आणि भाचा खोलीत उजवा हात छातीशी धरून पडला होता. प्रत्येक लाटेला तो दातओठ खाई. मला “ठीक आहे, आत्या” असे तीन वेळा म्हणाला.

रुग्णालयात क्ष-किरणांची वाट पाहत बसलो असताना दादाने खिशातून पावती काढली आणि तिच्या मागे आकडे लिहिले. मुलाविषयी तो बोलत नव्हता. बहुधा म्हणूनच आकडे लिहीत होता. वारा आज बारा नॉट, म्हणजे ताशी सुमारे बावीस किलोमीटर. होडी पाच नॉटने वाऱ्याच्याच दिशेने पळत होती. बारातून पाच गेले, उरले सात; तेवढाच वारा आपल्याला जाणवला. तोंड फिरवून त्याच वेगाने वर चढू लागलो की तोच वारा जवळजवळ सोळा नॉटांचा होतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. साताचा वर्ग एकोणपन्नास, सोळाचा दोनशे छप्पन्न. म्हणजे पाचपटीहून अधिक. “पाठीवर असताना वारा किती वाढलाय ते कळत नाही. शीड कमी करायची वेळ निघून जाते आणि माणूस म्हणतो, काय छान चाललंय,” तो म्हणाला. नंतर कागद घडी करून खिशात ठेवला. “चूक तुझी नाही. दोर सोडल्यावर टिलर तुझ्याकडे ठेवायला नको होता.” हे त्याने मला धीर देण्यासाठी म्हटले की त्याला तसे वाटत होते, ते मी आजवर विचारलेले नाही.

कॉलर बोन मोडले होते. उजवे. शस्त्रक्रिया करावी लागली नाही, पण सहा आठवडे हात गळ्यात. त्याच्या प्रकल्पाचा अहवाल सादर करायला सात आठवडे उरले होते. महिनाभरासाठी मी त्याला रामटेकला घेऊन आले. मी महाविद्यालयातून आले की तो सांगे आणि मी लिही. पंपांच्या कार्यक्षमतेविषयीचा तो अहवाल मी एकशे दहा पाने लिहिला. त्यातील एकही वाक्य मला पूर्ण समजले नाही. माझ्या वर्गात लेखनिक घेऊन परीक्षा देणारे विद्यार्थी येऊन गेले आहेत. दुसऱ्याच्या हाताने लिहिताना माणूस किती थांबतो, किती वेळा “नाही, तसं नाही” म्हणतो, ते मला तोपर्यंत माहीत नव्हते. त्याने त्या महिन्यात होडीचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. रात्री कुशीवर वळताना तो कण्हत असे आणि भिंतीपलीकडे मी जागी असे.

दिवसा मात्र मी वाचत होते. ज्या म्हणीने मला फसवले, तिला जन्म देणाऱ्या माणसांना वारा ठाऊक होता की नव्हता, हे मला पाहायचे होते. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे एक जहाज रंगवलेले आहे. त्याची शिडे उंच, चौकोनी. वाकाटकांच्या काळातील ही चित्रे. त्या घराण्याच्या एका शाखेची राजधानी आमच्या शेजारीच, नंदिवर्धन म्हणजे आजच्या नगरधनला होती. समुद्रापासून एवढ्या दूरच्या चित्रकाराने शीड माझ्यापेक्षा बरे काढले, हे मान्य करावे लागते. कोकणातील जुन्या गलबतांचे शीड निराळे होते : लांब तिरप्या काठीला बांधलेले, तिकोनी घाटाचे. अशा होडीचे तोंड वाऱ्यासमोरून पलीकडे वळवणे फार अवघड. म्हणून बाजू बदलायची असली की नाखवा होडीची पाठ वाऱ्यातून फिरवी आणि त्याच वेळी खलाशी ती अवजड काठी उभी करून डोलकाठीच्या पुढून दुसऱ्या अंगाला नेत. वाऱ्याला पाठ देणे हा त्यांच्या दिवसातील सर्वांत दगदगीचा क्षण. त्यांच्यापैकी कोणी ही म्हण निर्बुद्ध सोयीसाठी वापरली असेल, असे मला वाटत नाही.

आणि अगदी आपल्या काळातले उदाहरण दिलीप दोंदे यांचे. नौदलातील या मराठी अधिकाऱ्याने ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात ‘म्हादेई’ या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. शिडाच्या नौकेतून एकट्याने अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. नौका गोव्यात बांधलेली, लांबी सतरा मीटर, नाव तेथल्याच नदीचे. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली, केपटाऊन एवढेच थांबे. दक्षिण महासागरात पश्चिमेचे वारे अखंड वाहतात आणि पूर्वेकडे जाणाऱ्याच्या ते पाठीशी असतात. ऐकणाऱ्याला वाटेल, मग काय, बसून राहायचे! पण आठवडेच्या आठवडे पाठीवर वारा, मागून उठणाऱ्या डोंगराएवढ्या लाटा, आणि बूम रोखायला दुसरा माणूस नाही. माझ्या दोन मिनिटांवरून मी त्याचा अंदाज करू पाहिला आणि सोडून दिला.

पुढच्या वर्षीच्या सत्रात तो घटक पुन्हा आला. मी म्हण फळ्यावर लिहिली, चित्र काढले नाही, आणि अर्थ वर्गालाच विचारला. दोघांनी संधिसाधूपणा सांगितला; मार्गदर्शक पुस्तकात तोच असतो. मग मागच्या बाकावरच्या, शेती करणाऱ्या एक बाई उभ्या राहिल्या. वय पन्नाशीचे, म्हणजे माझ्याच बरोबरीच्या. “मॅडम, उफणताना पाठ द्यावीच लागते,” त्या म्हणाल्या. “तिवईवर उभं राहून टोपली धरली आन् वाऱ्याकडं तोंड केलं, तर कोंडा डोळ्यात जाते. वारा फिरला का आपुन बी फिराचं. सारखं ध्यान ठेवा लागते. नाही ठेवलं, तर दाणे कोंड्यात जाते.”

वर्गात कोणी हसले नाही. निम्म्या वर्गाने उफणणी केलेली होती. मी ते वाक्य जसेच्या तसे वहीत उतरून घेतले. म्हण खळ्यातली आहे की होडीतली, हे ठरवण्याइतका पुरावा माझ्याजवळ नाही. परंतु दोन्ही ठिकाणी पाठ देणारा माणूस डोळे मिटून उभा नाही, एवढे माझ्या दोन साक्षीदारांनी सांगितले. त्यांतील एकाचे हाड मोडून.

त्या हिवाळ्यात मी पुन्हा मुंबईला गेले. बोलावणे भाच्याचे होते. त्याला नोकरी लागली होती. खांदा बरा झाला होता, फक्त हाडावर एक उंचवटा राहिला आहे, तो शर्टाच्या कॉलरखाली दिसतो. घारापुरीच्या दिशेला वळल्यावर त्याने रोखदोराचे टोक माझ्या हातात दिले. मी तो बांधला, त्याने गाठ ओढून पाहिली, मी पुन्हा ओढून पाहिली. मग त्याने मला टिलरपाशी बसवले आणि स्वतः माझ्या समोर, बूमच्या खाली, बसला.

“आत्या, वारा कुठे आहे?”

“उजव्या खांद्यावर.”

“दर मिनिटाला मोठ्याने सांगायचं. शब्दांविषयी नंतर बोलू.”

ऊन छान पडले होते. शाल मी काढली नाही. घारापुरी येईपर्यंत मी सांगत राहिले : उजवा, उजवा, थोडा मध्ये, उजवा.